बियाण्याचा टोमॅटो

मागच्या दाराच्या पायऱ्यांना टेकवून ठेवलेला कपडे धुण्याचा जस्ताचा जुना टब वेस्टा हॅटनने वर्षभर हलवला नव्हता. आज हलवू, उद्या हलवू करता करता जुलैची अकरा तारीख उजाडली. आळशीपणाबद्दल तिला आयुष्यभर बोलणी खावी लागली होती, पण त्या आळसाने एवढं भलं केल्याचं हे पहिलंच उदाहरण.

टबाच्या आड, पायरीच्या फटीतून येणाऱ्या बोटभर उन्हाकडे मान लांबवून एक रोप उभं होतं. उभं कसलं, लवंडलेलंच. हातभर लांब, सुतळीसारखं बारीक, आजाऱ्यासारखं फिकट. तण समजून तिने ते उपटायला हात घातला आणि हात तिथेच थांबला. बोटांना वास लागला होता. टोमॅटोचा. तिने ॲप्रनला चष्मा पुसला आणि पान नीट बघितलं. पान रुंद होतं, सरळ कडांचं, बटाट्याच्या पानासारखं.

सॉरवुड ओढ्याच्या त्या अख्ख्या घळीत बाकी सगळ्यांच्या टोमॅटोची पानं कातरलेली असत. असं पान फक्त तिच्या आईच्या टोमॅटोचं.

वेस्टा ओल्या पायरीवरच बसली. वय सत्तर, गुडघे त्याहून म्हातारे, पुन्हा उठायचं कसं हा विचारही तिच्या मनात आला नाही.

"अगं बाई!" ती रोपाला म्हणाली. "इथे लपून बसलंयस होय तू?"

हे रोप तिथे कसं आलं, ते तिला त्याच क्षणी कळलं. याच पायरीवर, मागच्या सप्टेंबरमध्ये, तिचा मोठा भाऊ अर्लिस उभा होता.

आईचा टोमॅटो म्हणजे साधी गोष्ट नव्हती. गुलाबी, खांद्यावर चुण्या पडलेला, एका हातात न मावणारा. एक चकती कापली की ब्रेडच्या बाहेर लोंबायची. आईला तो तिच्या आईकडून मिळाला होता, आणि त्या आईला कुठून, हे कुणी विचारलं नव्हतं. दरवर्षी दुसऱ्या घोसातला सगळ्यांत देखणा टोमॅटो बियाण्यासाठी राखायचा, त्याच्या देठाला लाल लोकर बांधायची, आणि मग घरात देव जरी जेवायला आला तरी त्याला हात लावायचा नाही. लोकर बांधायचं काम अर्लिसचं. सात वर्षांचा असल्यापासून. कारण वाफ्यातले टोमॅटो चोरून खाण्यात त्याचा हात कुणी धरत नव्हता आणि आईला माणसं बरोबर कळायची. काम अंगावर पडलं तसा तो इतका कडक झाला की पाहुण्यांना वाफ्याजवळ फिरकू देईना. दुहेरी गाठ मारायचा, वर एक फास, आणि आईला बोलावून दाखवायचा.

विसाव्या वर्षी तो ओहायोत, डेटनला, कारखान्यात कामाला गेला. पण सप्टेंबरच्या पहिल्या सुट्टीला घरी यायचा म्हणजे यायचा. मिठाची डबी शर्टाच्या खिशात घालून थेट वाफ्यात. आई गेल्यावरही त्यात एक वर्ष खंड पडला नाही.

मागच्या वर्षी घळीत करपा पडला. ऑगस्टभर पाऊस, आणि आठ दिवसांत सगळी झाडं काळी. एकाच झाडावर एकच टोमॅटो जगला. त्याला वेस्टाने रात्रंदिवस जपलं, अर्लिस आला तसं त्याच्याकडून लोकर बांधून घेतली. दुसऱ्या दिवशी ती मागच्या दारात आली तर अर्लिस पायरीवर उभा. एका हातात मिठाची डबी, दुसऱ्या हातात अर्धा टोमॅटो, कोपरापर्यंत ओघळ. बाकीचा अर्धा पोटात.

वेस्टाच्या तोंडाला मग काही धरबंध राहिला नाही. "आंधळा झालास का? लोकर दिसली नाही? आईचं होतं नव्हतं ते गिळून बसलास! नुसता खादाड, जन्मभर खादाड!" त्याच्या मुलासमोर, शेजाऱ्यांसमोर. अर्लिसने बोटाला अडकलेली लोकर वर धरून बघितली आणि हळूच विचारलं, "ही कशाची असते गं?"

तेव्हा तिला कळलं. पण बोलून झालं होतं. अर्लिस दुपारभर गाडीत जाऊन बसला, जेवायलाही आला नाही. त्याचा मुलगा ग्लेन पुढे फोनवर म्हणाला, "आत्या, डॅडींना काय झालं ते काही आठवत नाही. पण वेस्टा माझ्यावर चिडलीय, एवढं मात्र सारखं म्हणतात. कुणीही 'का' विचारलं की गप्प बसतात."

त्या वाक्याने वेस्टाची हिवाळाभर झोप उडवली होती. माफी तरी कशी मागायची? ज्याला गुन्हाच आठवत नाही, त्याच्यापुढे कान कुठे धरायचे? डब्याच्या तळाला जुनं, चार वर्षांपूर्वीचं चिमूटभर बी होतं, ते तिने एप्रिलमध्ये पेरलं. त्यातलं एक उगवेल तर शपथ. शेवटी दुकानातली रोपं आणून लावली. त्यांना टोमॅटो आले, लाल होते, गोल होते, आणि चवीला ओल्या कापसासारखे होते.

आणि अर्लिसच्या कोपरावरून ओघळलेलं एक बी पायरीखाली पडून, बर्फ सोसून, टबाच्या आडोशाला उभं होतं.

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तिने ते रोप मातीच्या गोळ्यासकट काढलं. इतकं लांबुळकं रोप उभं लावलं तर मोडणार, म्हणून वाफ्यात वीतभर खोल आडवा चर खणला, खालची पानं खुडली आणि रोप आडवं झोपवलं. वर फक्त शेंड्याची चार पानं ठेवली. मातीखाली गेलेल्या दांड्याला सगळीकडून मुळं फुटतात. तिने वरून मऊ माती लोटली आणि लहान मुलाला पांघरूण घालताना थोपटतात तशी थोपटली.

रस्त्यापलीकडच्या घरातून हर्शेल कुंपणाशी येऊन उभा राहिला. हर्शेल तिच्याच वर्गात होता, आणि वर्गात करायचा तेच आजही करत होता, म्हणजे टवाळी.

"काय पुरलंस गं? मांजर मेलं काय?"

"टोमॅटो लावलाय."

"जुलैत?" हर्शेलने टोपी मागे सारली. "नाताळात सॅलड करणारेस वाटतं! बर्फाची चटणी पण कर सोबत."

"आईचा आहे."

हर्शेलची टोपी पुन्हा पुढे आली. त्या घळीत त्याची आई आणि वेस्टाची आई दोघींनी टोमॅटोच्या पाट्या एकाच चुलीवर आटवल्या होत्या. तो काही बोलणार तेवढ्यात डोंगराच्या बाजूच्या अक्रोडावरून एक करकर सुरू झाली. एकच. मग थांबली. मग पुन्हा. दोघांनी कान टवकारले. झाडावरचा हिरवा रातकिडा, या उन्हाळ्यातला पहिला.

"झालं," हर्शेल म्हणाला. "आजपासून मोज नव्वद."

पहिला हिरवा रातकिडा बोलला की बरोबर नव्वद दिवसांनी पहिलं पांढरं दव पडतं, गवतावर साखरेसारखं गोठलेलं, आणि त्या दवाने टोमॅटोचं झाड एका रात्रीत काळं होतं. हे तिथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वेस्टा घरात गेली आणि कफनपेट्या विकणाऱ्या दुकानाने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर बोट ठेवून मोजू लागली. ऑक्टोबरची नऊ तारीख. रोपाला जीव धरायला आठवडा, फूल यायला महिना, फूल झडून फळ पिकायला पन्नास-पंचावन्न दिवस. एकही दिवस हातचा राहत नव्हता.

मग ते दिवस सुरू झाले, जे नंतर वेस्टाला सलग असे आठवलेच नाहीत. सकाळी धुकं घळीत भरून यायचं, घरं, कुंपण, हर्शेलची गाय, सगळं त्यात बुडून जायचं, आणि ती धुक्यातून बादली घेऊन चालत राहायची. ऑगस्टात जितक्या सकाळी धुकं तितक्यांदा हिवाळ्यात बर्फ पडतो असं तिथे म्हणत, म्हणून ती प्रत्येक धुक्याला बरणीत एक घेवड्याचा दाणा टाकायची. दुपारी व्हरांड्यातल्या झोपाळ्यावर डोळा लागायचा. जाग आली की स्वप्नातला ओला झगा आधी दिसायचा आणि मग व्हरांडा. स्वप्नात आई वाफ्यात उभी असायची, झग्याची कड दवाने भिजलेली, आणि शेजारी सात वर्षांचा अर्लिस, तोंडाभोवती लाल. आई फक्त वाफ्यातल्या रिकाम्या जागेकडे बघायची. वेस्टा घाईघाईने उठायची आणि जाऊन बघायची, तर रोप जागेवर असायचं, कालपेक्षा बोटभर उंच.

झाडाने फूल धरलं तेव्हा उन्हाचा कहर होता. उन्हाने फुलं गळतात. एक गळालं, दुसरं गळालं, घोसच्या घोस सुकून मातीत पडले. वेस्टाने कमरेवर हात ठेवून झाडाला खडसावलं, "हे बघ, मी सत्तर वर्षांची आहे. माझ्याकडे नखरे चालायचे नाहीत." आणि मग लगेच वाईट वाटून त्याच्यावर आपली उन्हाची टोपी धरून उभी राहिली. वीस ऑगस्टला दुसऱ्या घोसातलं एक फूल गळालं नाही. त्याच्या मागे वाटाण्याएवढी हिरवी गाठ धरली. तेवढी एकच. नंतर हवा निवल्यावर आणखी फळं धरली, पण ती गोट्यांएवढीच राहणार होती, त्यांच्यात बी भरायला वेळच नव्हता. जे काही होतं ते त्या एकात.

सप्टेंबरच्या सुट्टीला अर्लिस आला नाही. सत्तावन्न वर्षांत पहिल्यांदा. ग्लेनचा फोन आला.

"आत्या, त्यांना आता घरी ठेवणं जमत नाही गं. मागच्या आठवड्यात पहाटे रस्त्यावर चालत निघाले होते, सॉरवुडला जातो म्हणाले. नोव्हेंबरपासून त्यांच्यासाठी एका ठिकाणी जागा घेतलीय. त्याआधी एकदा तुझ्याकडे आणतो. ऑक्टोबरच्या आठ तारखेला चालेल?"

"चालेल म्हणजे काय," वेस्टा म्हणाली. "घर त्याचंच आहे." मग तिने विचारलंच, "अजून म्हणतो का तो? मी चिडलेय म्हणून?"

"तू विचारू नकोस ना, आत्या."

सप्टेंबर सरत आला तशी रातकिड्यांची करकर मंदावली. थंडीने त्यांची जीभ जड झाली होती. टोमॅटो मुठीएवढा झाला, मग दोन मुठींएवढा. वेस्टाने शिवणाच्या डब्यातून लाल लोकर काढली. ही गाठ तिने आयुष्यात कधी बांधली नव्हती. अर्लिसची दुहेरी गाठ आणि वर फास तिला जमेना, तीनदा सुटली, शेवटी तिने साधी बुटाच्या नाडीची गाठ मारली आणि आईची मनातल्या मनात क्षमा मागितली.

आठ तारखेला तिसऱ्या प्रहरी ग्लेनची गाडी आली. अर्लिस उतरला. निळ्या चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट, गळ्याशी सैल झालेला, आणि खिशात मिठाची डबी. तो वेस्टाकडे बघून थांबला, दोन पावलं मागे सरला आणि ग्लेनच्या दंडाला धरून उभा राहिला.

"ये ना रे," ती म्हणाली. "तुझ्यासाठी मक्याचा पाव केलाय. घेवडा पण रटरटतोय."

"मी कशालाही हात लावणार नाही," अर्लिस म्हणाला.

आकाश निरभ्र होतं. वारा पडला होता. हर्शेल कुंपणाशी येऊन म्हणाला, "आज पडणार बघ. रातकिडे एक दिवस इकडे तिकडे करतात, पण खोटं बोलत नाहीत." वेस्टाने वाफ्यात जाऊन बघितलं. टोमॅटो खालून गुलाबी झाला होता, खांदे अजून हिरवट. एक दिवसाचं ऊन हवं होतं. फार तर दोन. आत्ता तोडावा का? आई म्हणायची, झाडावर न पिकलेल्याचं बी आंधळं असतं. मग तिने झाडाभोवती खुर्च्या मांडल्या आणि वरून पांघरायला आईची गोधडी काढली.

गोधडी एकटीला आवरेना. न बोलावता अर्लिस उठला, दुसरं टोक धरलं, आणि झाडाला धक्का न लागू देता खुर्च्यांवरून अलगद पलीकडे नेलं. हे सगळं त्याच्या हातांना माहीत होतं. कडांवर दगड ठेवून झाल्यावर तो वाकून बघू लागला.

"आत कोण झोपलंय?"

"आईचा टोमॅटो."

"मग हळू बोल," अर्लिस कुजबुजला.

सकाळी ती उठली तेव्हा खिडकीबाहेर गवत पांढरं होतं. अर्लिसच्या खोलीचं दार उघडं, अंथरूण रिकामं. मागच्या दारापासून वाफ्यापर्यंत पांढऱ्या गवतात काळ्या पावलांची रांग गेली होती. वेस्टा अनवाणीच धावली.

गोधडी एका बाजूला सरकवलेली. झाड हिरवंगार, वाचलेलं. आणि झाडापाशी अर्लिस, डाव्या हाताच्या बोटाला लाल लोकर, उजव्या हातात टोमॅटो. अर्धा. त्याने डोळे मिटले होते आणि तो सावकाश चावत होता, हनुवटीवरून रस आणि बिया गळत होत्या, निळ्या शर्टावर पडत होत्या.

मागच्या वर्षीचे सगळे शब्द जसेच्या तसे वेस्टाच्या गळ्यापर्यंत आले. आंधळा. खादाड. एकही विसरला नव्हता. तिने तोंड उघडलं.

अर्लिसने डोळे उघडले. तिला बघताच त्याचे खांदे वर गेले, मान आत गेली, छडीची वाट बघणाऱ्या पोरासारखी. मग त्याचं लक्ष बोटाला गुंडाळलेल्या लोकरीकडे गेलं. तो तिच्याकडे बघत राहिला, आणि यावेळी त्याला आठवलं. निदान लोकर कशाची असते एवढं तरी.

"हा बियाण्याचा होता," तो म्हणाला. "लोकर बांधलेली होती याला. हा कुणी खाल्ला गं?"

वेस्टाने शब्द गिळले. ते सहज गेले नाहीत.

"मी खाल्ला," ती म्हणाली.

"तू?"

"हो रे. भूक लागली होती. मला लोकर दिसलीच नाही."

अर्लिसचे खांदे हळूहळू खाली आले. तो तिच्याकडे बघत राहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर जुना, कडक, वाफ्याचा राखणदार परत आला. "बावळट आहेस तू, वेस्टा. बियाण्याचा खातात का कुणी? आता पुढच्या वर्षी काय लावायचं?"

"चुकलं माझं." हे शब्द वर्षभर तिच्याजवळ होते, आता कुठे त्यांना वाट मिळाली. "फार चुकलं. रागावू नकोस माझ्यावर."

"मी कुठे रागावतोय." त्याने इकडे तिकडे बघितलं, घराच्या खिडकीकडे, आणि तिच्या कानाशी वाकला. टोमॅटोचा वास आला, आईच्या टोमॅटोचा, आंबटगोड, मातीचा. "आईला सांगू नकोस. मी खाल्ला म्हणून सांगतो मी. मला ती रोजच ओरडते, मला सवय आहे."

वेस्टाला रडू आवरेना. तिने ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. अर्लिस गोंधळला, त्याने उरलेला अर्धा टोमॅटो तिच्यापुढे धरला आणि खिशातून मिठाची डबी काढली. दोघांनी तो तिथेच, पांढऱ्या गवतात उभं राहून संपवला. वेस्टाने आपल्या वाट्याच्या बिया जिभेने शोधून झग्याच्या ओच्यात थुंकल्या.

"चल, शर्ट काढ," मग ती म्हणाली. "किती सांडलंस. धुऊन देते."

त्याने लहान मुलासारखे हात वर केले. तिने तो शर्ट पाण्याला दाखवलाही नाही. स्वयंपाकघरात शेगडीमागच्या खिळ्यावर, जिथे आई तपकिरी कागदावरचं बी वाळत घालायची, तिथे छाती बाहेर करून टांगून ठेवला. निळ्या चौकड्यांवर बिया चिकटून बसल्या होत्या, काही खिशात, एक बटणाच्या भोकात.

दुपारी निघताना ग्लेन पिशवी भरत होता. "आत्या, डॅडींचा निळा शर्ट सापडत नाहीये. तो त्यांना तिकडे लागेल गं, आवडता आहे त्यांचा."

"तो राहू दे इथे. वाळतोय अजून."

"मग वाळला की पोस्टाने पाठव."

"एप्रिलमध्ये," वेस्टा म्हणाली.

अर्लिस गाडीत बसला होता. लाल लोकर बोटाला तशीच होती. वेस्टा खिडकीशी गेली तर त्याने लोकर सोडून तिच्या मनगटाला बांधली, दुहेरी गाठ, वर एक फास, आणि नीट बसली का ते ओढून बघितलं.

"आता याला कुणी हात लावायचा नाही," तो ग्लेनला म्हणाला.